सुई टोचण्याआधीचं गणित
‘एथिक्स कमिटीनं संमतीपत्र आणि सुरक्षितता पाहावी, आकडेमोड संशोधक नंतर करून घेईल,’ हा युक्तिवाद मला मुळातच मान्य नाही. ज्या अभ्यासातून उत्तर निघूच शकत नाही, त्यासाठी माणसाला सुई टोचणं हीच अनीती आहे, मग त्यानं सही केलेली असो. एखाद्या गुंतागुंतीचं प्रमाण 20 टक्क्यांवरून 15 वर येतं का, हे तपासायचं तर नेहमीच्या निकषांनी प्रत्येक गटात सुमारे 900 रुग्ण लागतात. तोच प्रश्न 60 रुग्णांवर सोडवू पाहणारा प्रोटोकॉल मंजूर करणारी समिती रुग्णांचं रक्षण करत नाही.

उलट टोकाचा आक्षेपही तितकाच चुकीचा. ऑगस्ट 2020 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट आणि आयसीएमआर यांच्या कोविशील्ड चाचणीचे पहिले डोस पुण्यात भारती हॉस्पिटलमध्ये दिले गेले. देशभर मिळून स्वयंसेवक 1600. ‘130 कोटींच्या देशाला 1600 कसे पुरणार?’ पण नमुना लोकसंख्येवरून ठरत नाही, प्रश्नावरून ठरतो. पुण्यात बनलेली लस ऑक्सफर्डच्या लशीइतकीच प्रतिपिंडं तयार करते का, एवढं ताडून पाहायला 400 जण होते. उरलेल्या 1200 पैकी 900 जणांना लस आणि 300 जणांना प्लासिबो, हे सुरक्षितता पाहण्यासाठी. इथली मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. 900 जणांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी त्याचं खरं प्रमाण 300 जणांत एक इतकं असू शकतं. लाखांत एखाद्याला होणाऱ्या रक्ताच्या गाठींबद्दल हा आराखडा काही सांगूच शकत नव्हता.

आधी न आखलेल्या तुलनेचं काय होतं, तेही याच लशीनं दाखवलं. नोव्हेंबर 2020 मध्ये परदेशातल्या चाचण्यांचे निकाल आले: दोन पूर्ण डोस घेतलेल्यांत परिणामकारकता 62 टक्के, आधी अर्धा डोस मिळालेल्यांत 90. हा अर्धा डोस मोजमापातल्या फरकामुळे दिला गेला होता आणि त्या गटात 55 वर्षांवरचं कोणीच नव्हतं. नंतर दोन डोसांमधलं अंतर हेच अधिक पटणारं कारण ठरलं. तोवर 90 चा आकडा जगभर फिरून आला होता.

आणि कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा? पुण्यात नातेवाईक दात्यांसाठी वणवण करत होते, तेव्हा आयसीएमआरच्या 39 रुग्णालयांतल्या, 464 रुग्णांच्या चाचणीचं उत्तर येऊन चुकलं होतं. आजार बळावला किंवा मृत्यू आला, असे रुग्ण प्लाझ्मा गटात 19 टक्के, प्लाझ्मा न दिलेल्या गटात 18. नीट आखलेली चाचणी ‘नाही’ हे उत्तरही ठामपणे देते.

2019 च्या औषध-चाचणी नियमांनुसार एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात. कायदेतज्ज्ञ हवा, सामान्य नागरिक हवा, स्त्री सदस्य हवी. संख्याशास्त्रज्ञ मात्र बंधनकारक नाही. 1 एप्रिल 2018 पासून सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद आधीच करावी लागते, ते उत्तमच. पण नोंद म्हणजे तपासणी नव्हे. समितीत संख्याशास्त्रज्ञ घेतल्यानं उशीर होईल, ही सबब पुण्यात तरी चालू नये. विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग इथेच आहे. मुख्य निकष कोणता, मधेच सोडून गेलेल्यांना कसं मोजणार, चाचणी कधी थांबवणार, हे पहिल्या रुग्णाच्या आधी विचारणारा माणूस समितीत हवा, आणि त्याला मताचा अधिकार हवा.