शेजारच्या घरचे व्रत

यंदा, म्हणजे २०२६ साली, हनुमानजयंती २ एप्रिल रोजी येत आहे आणि लगेच दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती बांधवांचा शुभ शुक्रवार, ज्याला सर्वत्र गुड फ्रायडे म्हणतात. पंचांग चाळणाऱ्यास या जवळिकीचे नवल वाटू नये. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी ईस्टर धरतात. म्हणजे हा सण आपल्या सणांप्रमाणेच चंद्राच्या मागून चालतो. नाताळ ठरलेल्या तारखेला येतो, म्हणून तो तेवढा आपल्या ध्यानात राहतो. आणि पुष्कळ हिंदू घरांतून ख्रिस्ती धर्माची ओळख त्या दिवशीच्या केकपाशी सुरू होऊन तेथेच संपते.

ईस्टरपूर्वी त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. रविवार मोजणीत धरीत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात शेहेचाळीस दिवस भरतात. प्रारंभ राखेच्या बुधवारी. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळी लावून देह मातीचा आहे याचे स्मरण देतात. यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीस झाली आणि हा बुधवार १८ फेब्रुवारीस आला. भस्म कशासाठी लावावयाचे, हे शिवभक्तास निराळे सांगावयास नको. कॅथलिक पंथात राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी एकच पोटभर जेवण घ्यावे आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करावे, असा नियम आहे. प्रार्थना, उपवास आणि दान ही या काळाची तीन अंगे. आपण न खाल्लेल्या अन्नाचा पैसा भुकेल्याकडे गेला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी.

आम्हांस विशेष वाटते ते या व्रताच्या पथ्याचे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना बजावले आहे की उपवास करणाराने तोंड उतरवून हिंडू नये. तोंड धुवावे, डोक्यास तेल लावावे, आपला उपवास ईश्वरावाचून कोणास कळू देऊ नये. दान द्यावे तेही या हाताचे त्या हातास न कळता. हे वाचताना आम्हांस श्रीमद्भगवद्गीतेचा सतरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. सत्कार, मान आणि पूजा यांसाठी दंभाने केलेले तप भगवंतांनी तेथे राजस ठरविले आहे. आणि सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना सुरू होते ती दंभापासूनच. आपल्याकडे मात्र ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण हसण्यावारी नेण्याइतकी अंगवळणी पडली आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या चकत्या, बटाट्याचा कीस आणि वर साऱ्या आळीला आपल्या उपासाची वर्दी! आम्ही हे इतरांस उद्देशून म्हणतो असे वाचकांनी समजू नये.

भेद आहेत आणि ते झाकून ठेवणे हा स्नेह नव्हे. ते पुनर्जन्म मानीत नाहीत. ईश्वर एकदाच मनुष्यदेहात आला, या त्यांच्या श्रद्धेशी आम्हां अवतारपरंपरा मानणाऱ्यांचा मेळ बसणार नाही. आम्ही विठ्ठलाचे आहोत आणि राहू. पण ही वाणी आपणांस परकी नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तरी अभंग आणि कीर्तन सोडले नाही. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत.

आमच्या कीर्तनास एक वृद्ध ख्रिस्ती शिक्षक नेमाने येत असत. एकदा भरतभेटीचे आख्यान आटोपल्यावर लोक बुक्का लावून घेऊन आमच्या पायांवर डोके ठेवीत होते. गर्दी ओसरल्यावर गुरुजी म्हणाले, “बुवा, शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी आमच्याकडे उलटे असते. धर्मगुरू खाली बसून बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते ना, म्हणून.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पुढे त्यांनीच सांगितले की वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे.

आमचे आणि धाकट्या बंधूंचे वाड्याच्या एका भिंतीवरून बारा वर्षे बोलणे नव्हते, हे साऱ्या गावास ठाऊक होते. त्या बारा वर्षांत भरतभेट आम्ही किती वेळा लावली याची गणती नाही. श्रोत्यांचे डोळे भरून येत. आमचेही येत, आणि ते खोटे नव्हते. गुरुजींच्या बोलण्यानंतरही दोन वर्षे आमच्याने पाऊल उचलवले नाही. अखेर एका रामनवमीच्या आदल्या सायंकाळी आम्ही बंधूंच्या दाराची कडी वाजविली. दार भावजयीने उघडले. बंधू पोथी वाचीत होते. ती त्यांनी मिटली नाही, पण पाट सरकविला. भिंतीचा दावा अजून कोर्टात आहे. रामनवमीस पान मात्र एकत्र मांडले जाते.

आता या आठवड्यापुरते थोडे. शुभ शुक्रवारी शेजाऱ्यांस हसतमुखाने शुभेच्छा देण्याची चूक पुष्कळ जण करतात. तो येशूच्या क्रूसावरील मरणाचा दिवस. कॅथलिक मंदिरांत त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी ठेवतात, घंटा मुक्या असतात. भेटीस जावे ते रविवारी, ५ एप्रिलला. जाताना हनुमानजयंतीचा सुंठवडा न्यावा. काही घरी प्रसाद म्हणून तो घेतला जाणार नाही. त्याचा राग न मानता बरोबर घरचे साधे लाडूही असू द्यावेत.