किल्ली कोणाकडे?

मैत्रिणींनो, ‘आपली संघटना एवढीशी, आपलं संकेतस्थळ कोण फोडणार?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. फोडणारा नाव बघत नाही; त्याचे प्रोग्रॅम दिसेल ते दार ढकलत जातात. जानेवारी २०१७मध्ये वर्डप्रेसने ४.७.२ ही आवृत्ती काढून एक भगदाड बुजवलं. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांची लाखो पानं फेब्रुवारीत विद्रूप झाली.

आपल्याकडे तर मारहाण सोसणाऱ्या बायकांनी विश्वासाने पाठवलेल्या तक्रारी असतात, पत्त्यासकट. त्या नवऱ्याच्या हाती पडल्या तर? आणि पासवर्ड कोणाकडे? ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ कुणा भाऊंकडे! बाईला तंत्र जमत नाही, हे आपण कधीपासून मानायला लागलो?

काम तरी काय आहे? आवृत्त्या वेळच्या वेळी घेणं, नको ते प्लगइन काढून टाकणं, प्रत्येकीचा वेगळा, लांब पासवर्ड आणि त्यावर मोबाइलवरचा कोड, दर आठवड्याची एक प्रत दुसरीकडे ठेवणं. तक्रारी तर संकेतस्थळावर साठवायच्याच नाहीत. बचत गटाच्या वह्या चोख ठेवणाऱ्या आपल्याला हे जड नाही.

पुढच्या बैठकीत दोघींनी ही जबाबदारी घ्यावी. दरवर्षी ती दुसऱ्या दोघींकडे जावी, आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.