तीन दिवसांचा भडका

सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या ‘एम ८७’ दीर्घिकेच्या केंद्रात सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. तेथून निघालेला कणांचा झोत हजारो प्रकाशवर्षे लांब आहे. हेबर कर्टिस यांनी तो १९१८ मध्येच नोंदवला. हा झोत अधूनमधून गॅमा किरणांत भडकतो. पण त्याचा नेमका कोणता भाग, हे अजून ठरलेले नाही.

ताप किती हे थर्मामीटर सांगतो. संसर्ग कुठे आहे ते शोधायला इतर तपासण्या लागतात. गॅमा दुर्बिणींचेही तसेच. भडका त्यांना कळतो, जागा दिसत नाही. ती रेडिओ आणि क्ष-किरण दुर्बिणींनी त्याच वेळी शोधावी लागते. २००५ च्या भडक्यावेळी केंद्रापासून दूरची, झोतातली एक गाठ क्ष-किरणांत तळपत होती. २००८ मध्ये मात्र रेडिओ लहरींत कृष्णविवराजवळचा भाग उजळला.

एप्रिल २०१८ मध्ये पंचवीसहून अधिक दुर्बिणी या दीर्घिकेवर रोखलेल्या असताना सुमारे तीन दिवसांचा भडका सापडला. चमक इतक्या झटपट बदलते, म्हणजे उगमाची जागा झोताच्या मानाने अगदीच छोटी.

जमिनीवरील बहुतेक गॅमा दुर्बिणी फक्त रात्री काम करतात. त्यामुळे त्या जगभर विखुरलेल्या हव्यात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे उभारलेल्या ‘मेस’ दुर्बिणीचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले, त्याचे महत्त्व यातच आहे. युरोपात उजाडले, तरी भडका थांबत नाही.