जन्मदराची वक्ररेषा आणि नियोजनाचा भ्रम

लोकसंख्येविषयी बोलताना आपल्याकडे आकड्यांचा आधार आग्रहाने घेतला जातो, हे योग्यच आहे. परंतु आकड्यांना त्यांच्या मर्यादेपलीकडे बोलावयास लावले, की ते दिशाभूल करू लागतात. जन्मदराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारतात दर हजार लोकसंख्येमागे १९७१ साली ३६.९, १९८१ साली ३३.९ व १९९१ साली २९.५ जन्म होत. म्हणजे पहिल्या दशकातील घट ३.० आणि दुसऱ्यातील ४.४. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्याला परिचित असलेले वर्गसमीकरण या तीन बिंदूंना तंतोतंत लागू पडते. त्याचा अर्थ एवढाच की, प्रत्येक दशकातील घट आधीच्या घटीपेक्षा १.४ ने अधिक. आता हीच वक्ररेषा पुढे न्यावी. २००१ साली २३.७, २०११ साली १६.५, २०२१ साली ७.९ आणि २०३१ साली उणे २.१! जन्मदर शून्याखाली जाऊ शकत नाही, हे सांगण्यास गणितज्ञाची गरज नाही.

प्रत्यक्षात २००१ साली हा दर २५.४, २०११ साली २१.८ व २०२० साली १९.५ होता. बरे, १९९१, २००१ आणि २०११ हे अलीकडचे बिंदू घेतले तर? तेव्हा अन्वस्ताचे तोंड वर वळते. घट मंदावत जाऊन २०८१ च्या सुमारास दर १०.६ वर थांबतो आणि पुढे विनाकारण चढू लागतो. देश तोच, पद्धतीही तीच. केवळ बिंदू बदलताच भविष्य उलटे झाले.

याचे कारण उघड आहे. भिन्न वर्षांचे कोणतेही तीन बिंदू घ्या, त्यांतून असे एक सूत्र निघतेच. ते अचूक बसते, यात सिद्ध काहीच होत नाही. १९७१ ते २०२० या काळात बालमृत्यूचा दर हजारी १२९ वरून २८ वर आला, एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये ५.२ वरून २.० झाली. मुलींचे शिक्षण, विवाहाचे वय, मूल जगेल याची खात्री, ही कारणे सूत्राला दिसत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण बिहारात ३.० आणि महाराष्ट्रात १.७ आढळले, हेही देशाच्या एका वक्ररेषेत लुप्त होते. ज्ञात वर्षांमधील एखादा आकडा अंदाजण्यास ती उपयुक्त आहे. दूरच्या भविष्यासाठी नाही.

हा वाद केवळ वर्गातला नाही. लोकसंख्येच्या स्फोटाची भीती मनात धरूनच १९७६-७७ मध्ये ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कित्येक सक्तीने. आता लंबक दुसरीकडे झुकत आहे. दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांतून वगळणारी तरतूद रद्द करणारी विधेयके आंध्र प्रदेश विधानसभेने २०२४ साली संमत केली. तरतूद जाणे इष्टच. पण उद्या उलट भीतीपोटी अधिक अपत्यांची सक्ती वा आमिष येऊ नये. आपल्याकडे शाळांतील शिक्षकपदेही पटसंख्येवर ठरतात. दोन-तीन वर्षांच्या पटावरून रेषा ओढून शाळेचे भवितव्य ठरविले, तर चूक कागदावर होईल आणि तिची किंमत गावातली मुले मोजतील.

मग करावे काय? प्रजननक्षम वयातील स्त्रियांची वयोगटवार संख्या आणि त्या त्या वयोगटाचा जननदर यांवरून जन्मांचा अंदाज बांधावा, तो जिल्हावार तपासावा आणि दर काही वर्षांनी सुधारावा. त्यासाठी ताजी जनगणना हवी. २०२१ ची जनगणना झाली नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना २०२५ साली निघाली. दरम्यानच्या पोकळीत जुन्या बिंदूंवरून रेषा ओढण्याचा मोह वाढणारच. तो शासनाने आवरावा आणि कोणतेही भाकीत ऐकताना, ते कोणत्या बिंदूंवरून काढले, हा प्रश्न विचारण्याची सवय सुशिक्षितांनी लावून घ्यावी.