काळजी घेणे हाही संशोधनाचा विषय

सासऱ्यांना घेऊन सून सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येते. केसपेपर सासऱ्यांच्या नावाचा. ते रात्री दोन वाजता उठून ‘घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढतात, पैसे सुनेनेच चोरले असे शेजाऱ्यांना सांगतात, आणि जेवण झाल्यावर तासाभरात ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणून रुसून बसतात. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. मागे रांग उभी असते. सून रात्री किती झोपते, तिचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, तिने नोकरी कधी सोडली, हे विचारायला वेळ नसतो. केसपेपरवर त्यासाठी जागाही नसते. अल्झायमरच्या उपचारांतली मोठी उणीव नेमकी इथे आहे.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. स्मृतिभ्रंशाच्या कारणांत अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा आहे.

औषधे काय करू शकतात, हे आधी स्पष्ट असायला हवे. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारख्या जुन्या गोळ्या काही रुग्णांना काही काळ थोडा आधार देतात. आजार थांबवत नाहीत. लेकानेमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत आजार वाढण्याचा वेग त्याने कमी केला, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतला फरक ०.४५ गुणांचा होता. हे औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देता येते. त्यासाठी आधी विशेष तपासण्या लागतात, मग ठरावीक दिवसांनी शिरेतून औषध आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय. अमेरिकेतली त्याची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. विज्ञानाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे पाऊल आहे आणि त्या दिशेचे संशोधन चालूच राहिले पाहिजे. पण आज जे रुग्ण घराघरांत आहेत, त्यांतल्या बहुतेकांपर्यंत पोहोचणारा उपचार एकच आहे. तो म्हणजे घरच्या माणसाने घेतलेली काळजी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशाचा जगावरचा आर्थिक भार १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातला जवळपास निम्मा भार घरच्यांनी विनामोबदला केलेल्या कामाचा आहे. ही माणसे दिवसाचे सरासरी पाच तास रुग्णासाठी देतात, आणि या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. एवढ्या मोठ्या उपचाराचा ‘डोस’ किती असावा, तो कुणी द्यावा, त्याचे दुष्परिणाम कोणते, याचा अभ्यास मात्र औषधांच्या मानाने फारच थोडा झाला आहे.

काळजी ही मायेची, संस्काराची गोष्ट; तिच्यावर कसले संशोधन, असे अनेकांना वाटते. पण औषधाची चाचणी होते तशीच काळजीत दिलेल्या मदतीचीही होते, आणि तिचे निष्कर्ष आकड्यांत मांडता येतात. न्यूयॉर्कमध्ये १९८७ पासून ४०६ रुग्णांच्या पती किंवा पत्नीला एका दीर्घ अभ्यासात सामावून घेण्यात आले. निम्म्यांना सहा वेळा समुपदेशन मिळाले. त्यात घरातल्या इतरांनाही बसवले गेले, म्हणजे भार एकावरच का, हा प्रश्न सगळ्यांसमोर आला. पुढेही अडचण आली की फोनवर सल्ला मिळत असे. या गटातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने लांबली. लंडनमध्ये २६० काळजीवाहकांवर झालेल्या चाचणीत मानसशास्त्राच्या पदवीधरांनी आठ सत्रे घेतली. त्याचा लाभ, म्हणजे नैराश्याचे कमी प्रमाण, सहा वर्षांनीही टिकून होता. इतका काळ परिणाम दाखवणारी गोळी या आजारात अजून नाही.

हे सारे श्रीमंत देशांतले, असे म्हणायची सोय नाही. असाच एक अभ्यास गोव्यात झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाच्या घरी सहा महिने गृहभेटी देणाऱ्या सल्लागार जात. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. स्थानिक भाषा येणाऱ्या, जेमतेम आठवडाभराचे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्या होत्या. पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. हा आजार आहे, हट्ट किंवा नाटक नव्हे, हे त्या घरच्यांना समजावत. संशय, येरझारा, रात्रीचे जागरण कसे हाताळायचे ते दाखवत. वृद्धांसाठीच्या सरकारी योजना मिळवून द्यायला मदत करत. दुसऱ्या गटाला सुरुवातीला फक्त माहिती दिली गेली. सहा महिन्यांनी भेटी मिळालेल्या घरांत काळजीवाहकांचे मनःस्वास्थ्य सुधारले होते आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्ताप घटला होता. रुग्णाच्या स्वतःच्या क्षमतांत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही.

हा अभ्यास आशादायक आहे आणि लहानही आहे. ८१ कुटुंबांवरून बारा कोटींच्या राज्याचे धोरण ठरवता येत नाही. त्यासाठी पुढचे मोठे अभ्यास लागतात आणि त्यांना पैसा लागतो. उलटा अनुभवही आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम भारतासाठी जुळवून घेऊन बंगळूरमध्ये तपासला गेला, तेव्हा तो मध्येच सोडणाऱ्यांची संख्या मोठी होती. ‘एक अॅप काढू, प्रश्न मिटेल’ या भ्रमातून असा अभ्यास वेळेत बाहेर काढतो. हेही संशोधनाचेच काम.

महाराष्ट्रापुढचे प्रश्न तर आणखी वेगळे आहेत. गृहभेटी कुणी द्यायच्या? आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे. त्यांना हे जमेल का, आणि किती मानधनात? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे रात्रभर फिरणाऱ्या आजोबांना कसे सांभाळायचे? मजुरीला जाणारी मुलगी आईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावते, तिला दिवसाचे पाळणाघरासारखे केंद्र मिळाले तर दोघींच्या तब्येतीत काय फरक पडेल? ब्युरोतून येणाऱ्या मावशींना किती दिवसांचे प्रशिक्षण पुरेसे आहे? न्यूयॉर्क किंवा लंडन यांची उत्तरे शोधून देणार नाही.

इथे कुणी म्हणेल, संशोधन कशाला, सरळ सेवाच सुरू करा. हा आग्रह समजण्यासारखा आहे. जे उपयोगी ठरल्याचे दिसले आहे ते सुरू करायलाच हवे. पण मोजमाप न करता सुरू केलेली योजना पहिल्या काटकसरीत बंद पडते, कारण तिचा उपयोग झाला हे दाखवायला हातात काही नसते. चार तालुक्यांत आधी आणि चार तालुक्यांत वर्षभराने सेवा सुरू केली, दोन्हीकडे काळजीवाहकांची तब्येत मोजली, तर सेवा आणि संशोधन एकाच खर्चात होतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. क्षयरोग आणि कुपोषण यांना निधी अपुरा पडत असताना यासाठी कुठून आणायचा? उत्तर असे, की काळजीवरचे संशोधन तुलनेने स्वस्त असते. त्यात यंत्रे आणि रसायने कमी, माणसे आणि वेळ जास्त. शिवाय औषधाच्या चाचणीत कंपनी पैसा घालते, कारण पुढे औषध विकता येते. गृहभेटीचे पेटंट कुणी घेऊ शकत नाही, म्हणून तिच्या चाचणीत कुणी व्यावसायिक पैसा घालणार नाही. जिथे नफा नाही आणि गरज मोठी आहे, तिथेच सार्वजनिक निधीचे काम असते.

तेव्हा मागणी साधी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांनी स्मृतिभ्रंशासाठीच्या संशोधन निधीतला ठरावीक वाटा काळजीच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा. स्मृतिभ्रंशावरच्या प्रत्येक अभ्यासात सांभाळणाऱ्या माणसाची झोप, मनःस्थिती, रोजगार आणि आजारपण यांची नोंद सक्तीची करावी. वैद्यकीय महाविद्यालयांनी समाजकार्य आणि परिचर्या महाविद्यालयांना सोबत घेऊन जिल्हा पातळीवर गृहभेटींची चाचणी करावी. गोव्याचा अनुभव शेजारीच आहे.

दमलेल्या माणसाच्या हातून रुग्णाची हेळसांड होते, कधी हातही उगारला जातो, आणि मग दोघेही रुग्ण होतात. निधी मंजूर होईपर्यंत ओपीडीत एक गोष्ट करता येईल, तिला पैसाही लागत नाही. सासऱ्यांच्या गोळ्या लिहून झाल्या की सुनेला विचारायचे, ‘ताई, तुम्ही रात्री किती झोपता?’ आणि ती जे सांगेल ते त्याच केसपेपरवर लिहून ठेवायचे.