पाण्याला विचारून उघडा
साप्ताहिक स्तंभ : पायवाट
वाटसरू, वटार

पावसाळा तोंडावर आला की वसई-विरारच्या पूर्वेकडच्या डोंगरांसाठी एक मनाई आदेश ठरल्यासारखा निघतो. चिंचोटीचा धबधबा, आसपासचे ओढे, धरणं अशी यादी असते. तिथे उतरायचं नाही, पोहायचं नाही, गर्दी करायची नाही. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलम बदललं, मजकूर तोच राहिला, आणि चिंचोटीच्या डोहात कुणी बुडाल्याच्या बातम्याही थांबल्या नाहीत. आदेशामागची कळकळ खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण घळीचं दार तारीख बघून बंद केल्याने माणसं वाचत नाहीत. ते पाणी बघून उघडायला हवं आणि पाणी बघूनच मिटायला हवं, आणि ते बघण्याचं काम तिथल्याच माणसाकडे हवं.

घळीतलं पाणी मैदानातल्या पाण्यासारखं वागत नाही. आपला सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. हा काळा कातळ पाणी फारसं पीत नाही, त्याच्यावर माती बेताची आणि उतार सरळसोट. माथ्यावर आलेली सर तिथे मुरत नाही, ती धावत सुटते. दहा अंगांनी धावत आलेलं ते पाणी अरुंद घळीत शिरलं की त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच होतं. खाली ऊन पडलेलं असतं आणि पाऊस वर डोंगरात झालेला असतो, त्यामुळे खालच्या माणसाला आभाळाकडे बघून काहीच कळत नाही. कळतं ते ओढ्याकडे बघून. निवळशंख पाण्यात एकाएकी गढूळ रेघ मिसळते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, पाण्याचा आवाज जड होतो, मघाशी उघडा असलेला दगड बुडालेला दिसतो. इथून पुढे हातात मिनिटं असतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वाढत्या प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिली. चिंचोटीला जुलै २०१८ मध्ये हेच घडलं. ज्या पावसाने पुढच्या दोन-तीन दिवसांत नालासोपारा-विरारचे रूळ बुडवले आणि वसईच्या मिठागरांत माणसं अडकवली, त्याच पावसाने आधी चिंचोटीच्या ओढ्याला फुगवून शंभराहून अधिक पर्यटकांची परतीची वाट तोडली. त्यांना बाहेर काढता आलं, तरी एक जीव गेलाच.

वटार, नंदाखाल, आगाशी, राजोडी या पट्ट्यातल्या वाचकांनी इथे थोडं थांबावं, कारण आपली एक खास फसगत होते. वाड्यांमध्ये वाढलेल्या पिढ्यान् पिढ्या पोहायला शिकल्या त्या बावखलात आणि विहिरीत. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवायला वाडीत खणलेलं तळं. त्याचा काठ ओळखीचा, तळाचा अंदाज बांधलेला, पाणी थोपलेलं. तिथे तरबेज झालेल्या पोराला वाटतं की आपल्याला पाणी येतं. त्याला येतं ते उभं पाणी. धबधब्याखालच्या डोहातलं पाणी हवेने भरलेलं, पांढरंफेक असतं, त्यात अंगाला तरंगण्याचा आधार कमी मिळतो. वरून कोसळणारी धार पाण्याला तळाशी नेते आणि पृष्ठभागावरची ओढ पोहणाऱ्याला पुन्हा धारेकडेच खेचते. भर म्हणून कातळावर शेवाळ. अशा डोहात चांगला पोहणारा आधी दगावतो, कारण उतरतो तोच. हे ज्ञान आदेशाच्या कागदावर येत नाही. ते काठावर उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला बंदीनेच तिथून उठवलेलं असतं.

बंदी प्रत्यक्षात काय करते पाहा. मुख्य वाटेवर पोलीस उभे राहतात, तेव्हा कायदा पाळणारी, मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबं माघारी फिरतात. बाकीचे रानातल्या आडवाटा धरतात. घळीत किती जण शिरले याची मोजदाद राहत नाही आणि संध्याकाळी किती परतले हे विचारायला कुणी नसतं. पाय मुरगळला, वाट चुकली, तर गुन्हा दाखल होईल या भीतीने मदत मागायला उशीर होतो. पायथ्याच्या पाड्यांवरच्या ज्या वारली, कातकरी, मल्हार कोळी माणसांनी चार महिने वाट दाखवून, भाकरी-भाजी देऊन कमाई केली असती, त्यांना घळीच्या तोंडाशी बसायचं कारणच उरत नाही. म्हणजे पाणी वाचणारी एकुलती एक जोडी डोळ्यांची आपण स्वतःच घरी पाठवतो.

घळ आणि पावसाळा यांचं वैर आपल्याकडे जुनं नाही. उलट आहे. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी बघा. ओढ्याने कापलेल्या दरडीच्या अंगाने शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांच्या शिलालेखांत दान देणारे सोपाऱ्याचे आणि कल्याणचे व्यापारी. म्हणजे आपल्याच बंदरातली माणसं. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास म्हणजे ऐन पावसाचे महिने एका जागी राहण्याचा नेम, आणि त्यासाठी त्यांनी जागा निवडली ती ओढ्याच्या कुशीत. हे जमलं ते पाण्याचा अभ्यास असल्यामुळे. लेण्याच्या कपाळावरून ओघळणारं पाणी दारात पडू नये म्हणून कातळात बोटभर-वीतभर पन्हाळी कोरल्या, ते पाणी वळवून शेजारच्या टाक्यात सोडलं. शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटलं आहे. निसरड्या उतारावर पायऱ्या खोदल्या. महाडजवळच्या शिवथरघळीत तर कपारीशेजारीच धबधबा कोसळतो. सतराव्या शतकात समर्थ रामदास जिथे राहिले, ती ही जागा धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये शोधून काढली, आणि आज तिथे पायऱ्या आहेत, कठडे आहेत, ये-जा बघणारी माणसं आहेत. धारेपासून हातभर अंतरावर म्हातारी माणसं निर्धास्त बसतात. ती घळ चिंचोटीपेक्षा सौम्य आहे म्हणून नव्हे, तिथे कुणीतरी वर्षभर काळजी वाहतं म्हणून.

आजचं उदाहरण हवं असेल तर अकोले तालुक्यातलं साम्रद गाव घ्या. भंडारदऱ्याच्या पाठीमागे सांधण नावाची भेग डोंगरात चिरत गेली आहे, सुमारे दोन किलोमीटर लांब, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी अरुंद, दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच भिंती. पावसात ती घळ नुसता पाण्याचा नळ असते, तेव्हा तिच्यात कुणी उतरत नाही. पाऊस ओसरला की साम्रदचे तरुण आत जातात, कुठल्या डोहात किती पाणी राहिलं ते बघतात, आणि मग पाहुण्यांना दोर, जेवण, तंबू पुरवून घेऊन जातात. काम गावाचं, कमाई गावाची, म्हणून काळजीही गावाची. एका अपघाताने आपला हंगाम बुडेल हे ज्याला ठाऊक आहे, तो दारू प्यालेल्या टोळक्याला मुखाशीच अडवतो.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा येतो, आणि तो पोकळ नाही. चिंचोटी महामार्गाला लागून आहे, रविवारी अर्धी मुंबई तिथे येऊ शकते, साम्रदचं गणित इथे कसं बसणार? संख्या बांधून बसेल. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी लागू झाली, आणि ती व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या हाती आली. तिथे अडचणी संपल्या असं नाही, पण तुडवातुडवीला आवर बसला. चिंचोटीची मर्यादा कासपेक्षा कितीतरी कमी ठेवावी लागेल, काहीशे माणसं फार झाली.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. परवानगी दिली आणि कुणी मेलं तर उत्तर कोण देणार? हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण बंदी घालणारा अधिकारी कागदोपत्री मोकळा राहतो आणि परवानगी देणारा अडकतो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच मोह झाला असता. पण राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं ते नोंदणी, प्रशिक्षण आणि सुरक्षेचे निकष ठरवून जबाबदारी वाटून देण्यासाठीच. तो मार्ग उपलब्ध असताना सगळं ओझं एका सहीवर ठेवायची गरज नाही.

तिसरा आक्षेप जंगलाचा, आणि इथे मी बराचसा मागे सरकतो. चिंचोटीच्या याच डोंगरांतलं तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांच्यामधला तो दुवा. बिबट्यांना आणि इतर प्राण्यांना एकीकडून दुसरीकडे जायला तीच वाट. म्हणून सगळ्या घळी उघडा असं कुणी म्हणू नये. एखाद-दोन वाटा उघडाव्यात, बाकीच्या बाराही महिने बंद असाव्यात, आणि दुपारी ठरल्या वेळेनंतर आत कुणी नसावं. सायकलवाल्यांनी तुंगारेश्वर देवळापर्यंतचा असलेला रस्ता सोडू नये. ओल्या पायवाटेवर चाक फिरलं की माती सुटते आणि पुढच्या सरीला त्या घसरीचा ओहोळ होतो. एरवी सायकल या कामाला फार सोयीची आहे. वटारहून सोपाऱ्यामार्गे रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की महामार्गापर्यंत सगळी सपाटी, आणि सायकलवर येणारा माणूस सोबत पेटारेभर बाटल्या आणत नाही.

या जूनपूर्वी करता येण्याजोगं काम फार मोठं नाही. चिंचोटीच्या वाटेत ओढा जिथे पहिल्यांदा ओलांडावा लागतो, तिथल्या कातळावर रंगाने तीन पट्टे मारावेत: हिरवा, पिवळा, तांबडा. रोज सकाळी पाड्यावरच्या दोन जणांनी आधी वर जाऊन माथ्यावरचा पाऊस आणि डोहाचा रंग बघावा, मग खाली येऊन वाट अडवणारा दोर बांधायचा की सोडायचा ते ठरवावं. पाणी पिवळ्याला टेकलं की आतल्यांना बाहेर बोलवायचं, नव्याने कुणाला सोडायचं नाही. त्या दोघांना चार महिन्यांचा पगार द्यावा, शिटी, दोर आणि पोलीस ठाण्याशी थेट बोलता येईल असा बिनतारी संच द्यावा. आणि आत गेलेल्यांची नावं लिहायला एक वही.