गावात आलेला कृषिदूत आणि आपली सही



खरिपाच्या पेरण्या आटोपून कोळपण्या-खुरपण्या सुरू झाल्या, की कित्येक गावांत कॉलेजच्या पाच-सहा मुलांची किंवा मुलींची टोळी दिसू लागते. गळ्यात ओळखपत्र, हातात वही आणि तोंडात शहरी भाषा. यांनाच कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ही मंडळी फिरायला आलेली नसतात. बी.एस्सी. कृषी ही पदवी चार वर्षांची आहे. त्यातल्या शेवटच्या वर्षी काही आठवडे गावात राहून, शेतकऱ्याबरोबर काम करून शिकायचे असते. त्याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात व त्याचे गुण पदवीत धरले जातात.

आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, तर परभणीचे व दापोलीचे १९७२ साली सुरू झाले. त्यांच्या कॉलेजांतून दरवर्षी जी मुले बाहेर पडतात, त्यांतलीच काही उद्या तुमच्या तालुक्यात कृषी अधिकारी होतील, काही बँकेत पीककर्जाचे कागद तपासतील, तर काही बाजारपेठेत औषधांचे दुकान घालतील. म्हणून त्यांचे शिक्षण पक्के झाले की कच्चे राहिले, याच्याशी तुमचा थेट संबंध आहे.

कॉलेजच्या आवारात विद्यार्थ्यावर लक्ष ठेवणारे पुष्कळ असतात. वर्गात हजेरी असते, वसतिगृहाला रेक्टर असतो, प्रात्यक्षिकाची वही गुरुजी तपासतात. नव्या मुलाचा छळ केला, तर त्यासाठी राज्याचा १९९९ सालचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आवाराबाहेर पडून तो तुमच्या गावी आला, की रोज तपासायला कोणी नसते. गुरुजी अधूनमधून भेट देऊन जातात. बाकीचे दिवस त्याने काम केले की नाही, हे एकट्या तुम्हालाच ठाऊक असते. म्हणजे गावात त्याचे परीक्षक तुम्हीच.

आता अडचण कोठे होते ती सांगतो. काही मुले मन लावून काम करतात. काही मात्र पाच मिनिटांत फलक धरतात, पंप पाठीवर घेऊन फोटो काढतात आणि 'काका, इथे सही करा' म्हणतात. आपणही 'जाऊ द्या, पोराचे नुकसान नको' म्हणून सही ठोकतो. त्या सहीने पोराचे भले होत नाही. काम न करता गुण मिळतात, एवढेच तो शिकतो. पी हळद अन् हो गोरी, अशी शेती होत नाही आणि शिक्षणही होत नाही.

तेव्हा सही करण्यापूर्वी दोन-तीन कामे त्याच्याकडून पुरती करवून घ्या. ती तुमच्याही उपयोगाची आहेत.

पहिले काम बोर्डो मिश्रणाचे. एक टक्क्याचे मिश्रण करायला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, चुना दुसऱ्या पन्नास लिटर पाण्यात असे वेगवेगळे विरघळवून, गाळून, तिसऱ्या पिंपात दोन्ही एकदम ओतीत ढवळायचे. भांडी प्लॅस्टिकची घ्यावीत, लोखंडाची नकोत. शेवटी स्वच्छ विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे आणि चुन्याची निवळी आणखी घालावी. नाहीतर पाने करपतात. ही विळ्याची पारख मुलाला करता आली, तर त्याला मिश्रण येते असे खुशाल समजा.

दुसरे काम घरच्या बियाण्याच्या उगवणीचे. सोयाबीनचे शंभर दाणे न निवडता मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळायचे आणि सहा-सात दिवस ओल टिकवायची. सत्तर किंवा जास्त दाणे चांगले उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच उगवले, तर पस्तीस किलो धरावे लागते. ही चाचणी एका दिवसाच्या फोटोत होत नाही. रोज येऊन पाणी शिंपडावे लागते. मुलाची जबाबदारीची जाण इथेच कळते.

तिसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. प्रात्यक्षिक देणाऱ्या मुलाने हातमोजे आणि तोंडावर मास्क घातला आहे का, वाऱ्याच्या दिशेने फवारतो की विरुद्ध, डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचून दाखवतो का, हे पाहा. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. हे त्याने घरातल्या बायामाणसांना आणि मजुरांनाही समजावून सांगितले पाहिजे, कारण औषधाचे कपडे धुणारे आणि पाणी आणून देणारे हात त्यांचेच असतात.

याची दुसरी बाजूही आहे. मुलाकडून काम मागायचे, तर आपणही वेळ दिला पाहिजे. 'दोन बुकं शिकून आलाय आम्हांला शिकवायला' अशी थट्टा करू नये. शेतातला एक कोपरा त्याला प्रयोगाला द्यावा. त्याचे चुकले, तर चारचौघांत न हिणवता बांधावर समजावावे. कृषिकन्या आल्या असतील, तर त्यांच्या राहण्याची, स्वच्छतागृहाची आणि अंधार पडण्यापूर्वी परतण्याची सोय गावाने पाहावी. भगिनींनी त्यांना आपल्या घरी बोलवावे. बियाणे निवडणे, साठवणूक, गाई-म्हशींची निगा या गोष्टी पुस्तकापेक्षा तुमच्याकडून त्यांना अधिक कळतील.

ज्यांची स्वतःची मुले-मुली कॉलेजात आहेत, त्यांना एकच सांगणे. सुट्टीत मूल घरी आले की 'किती टक्के पडले' एवढेच विचारू नका. 'काय करायला शिकलास? दाखव बरे,' असेही म्हणा. शेतात नेऊन दाखवायला लावा.

तर बंधूंनो, या हंगामात कृषिदूत वही घेऊन दारी आला, तर त्याला चहा जरूर पाजा, भाकरीही वाढा. सही मात्र काम पाहूनच करा, आणि काम चांगले असेल तर वहीत दोन ओळी कौतुकाच्याही लिहा.